मागे राहिलेल्यांचा हक्क

आपल्या समाजात कोणी वारले म्हणजे काय काय करावयाचे, हे कोणाला शिकवावे लागत नाही. शेजारी घरातली चूल सांभाळतात, नात्यातल्या बाया वरण-भात आणि उकडलेली अंडी घेऊन येतात, पुरुष मंडळी मिन्यान जमवितात, काद्दीश होतो, जियारतीची तयारी होते. कोकणातल्या खेड्यांत हे जसे होत होते तसेच दिमोनात, लोदमध्ये, अश्दोदमध्ये आजही होते, आणि याचा आम्हांस अभिमान वाटतो. परंतु एक गोष्ट अशी आहे की जिचे नाव शिवाच्या सात दिवसांत कोणी काढीत नाही आणि पुष्कळ घरांत पुढे सात महिनेही काढीत नाही. ती गोष्ट म्हणजे बितुआख लेउमीचा अर्ज.

नाव का काढीत नाहीत, तर ते लाजिरवाणे वाटते म्हणून. माणूस जाऊन चार दिवस झाले नाहीत तोच पैशाची भाषा करावयाची कशी? आणि सरकारपुढे हात पसरावयाचा तरी कसा? ही लाज खोटी नाही. ती चांगल्या घरांतून, चांगल्या संस्कारांतून आलेली आहे. म्हणूनच तिचा नीट विचार व्हावा असे आम्हांस वाटते. घरातले माणूस गेल्यावर सरकारकडून मिळणारा पैसा मागावा की नाही, आणि मागावयाचा तर कोणत्या मनाने मागावा, एवढाच प्रश्न आज वाचकांपुढे ठेवावयाचा आहे.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून शेजारपाजारचे कागद वाचून दाखविण्याचे काम आपोआप आमच्याकडे आले आहे. त्यात असे अर्जही येतात. एका बाईंची गोष्ट सांगतो. नवरा तीस वर्षे गिरणीत राबला आणि एके दिवशी गेला. मोठी मुले आपापल्या संसारात होती, धाकटा अजून शाळेत होता. आम्ही अर्ज भरून दिला. बाईंनी सही करावयाचे नाकारले. म्हणाल्या, "मास्तर, माणूस गेलं ते गेलं. आता त्याच्या मरणाचे पैसे मी खाऊ? मढ्याच्या टाळूवरचं लोणी आहे ते." दुसऱ्या खेपेस म्हणाल्या, "माझ्या बापानं कधी कोणापुढं हात पसरला नाही. मी पसरणार नाही." कागद कपाटात पडून राहिला. दिमोनाच्या थंडीत घरातला हीटर बंद राहू लागला. धाकटा शाळा सुटल्यावर दुकानात पेट्या उचलावयास जाऊ लागला. आईला सांगे की मित्राकडे अभ्यासाला जातो. आई त्याच्यापुरते ताट वाढी आणि आपण भूक नाही म्हणे. दोघेही एकमेकांपासून लपवीत होती. चौदा महिन्यांनी सही झाली. तेव्हा पैसे सुरू झाले, पण पहिल्या काही महिन्यांचे गेले ते गेलेच.

या बाईंच्या बोलण्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली, हे मरणाचे पैसे आहेत. दुसरी, ही भीक आहे. दोन्ही एकत्र बोलल्या जातात म्हणून त्या एकच वाटतात. परंतु त्यांची उत्तरे वेगळी आहेत.

पहिलीकडे पाहू. ज्याला आपण सोयीसाठी विधवेची पेन्शन म्हणतो त्याला हिब्रूत "कित्स्बात शेएरिम" म्हणतात. शेएरिम म्हणजे मागे राहिलेले. नावात मृताचा उल्लेख नाही, मरणाचाही नाही. जे जिवंत आहेत, ज्यांना उद्या सकाळी पाव आणि दूध आणावयाचे आहे, त्यांचा उल्लेख आहे. एखाद्याच्या जिवाची किंमत ठरवून कोणी ती विधवेच्या हातावर ठेवीत नाही. घरात येणारा पगार किंवा पेन्शन थांबली, तर घर कोलमडू नये एवढाच त्या पैशाचा अर्थ आहे.

आणि ज्यांना हा पैसा अशुभ वाटतो त्यांना आम्ही एक गोष्ट नम्रपणे विचारतो. दफनाचा खर्च कोणी दिला? या देशात आपल्या गावच्या कबरस्तानात साधे दफन करावयाचे तर घरच्यांना त्यासाठी पैसे मोजावे लागत नाहीत. हेव्रा कदिशाला तो खर्च बितुआख लेउमी देते. म्हणजे ज्या कचेरीच्या पैशाने आपण आपले माणूस मातीत ठेवले आणि कोणाची मान खाली गेली नाही, त्याच कचेरीने मुलाच्या जेवणाला हातभार लावला तर मात्र मान खाली जावी, हे कसे? तसेच आपल्या वडील मंडळींपैकी कितीतरी जण हिंदुस्थानात रेल्वेत, पोस्टात, पलटणीत नोकरीला होते. सरकारी नोकर वारला तर त्याच्या विधवेला कुटुंब-पेन्शन मिळे. तिकडे १९६४ सालापासून त्याची रीतसर योजनाच झाली. प्रॉव्हिडंट फंडाचे पैसे मिळत. ते घेताना कोणी लाजल्याचे आम्ही ऐकले नाही. उलट "ह्यांचा फंड आला" असे सांगताना बाईच्या डोळ्यांत पाणी आणि आवाजात थोडा अभिमानच असे. का, तर त्या पैशावर नवऱ्याचे नाव होते. त्याने पोटाला चिमटा घेऊन ठेवलेले ते पैसे होते.

मग येथल्या पैशावर नवऱ्याचे नाव नाही काय? आहे. फक्त ते आकड्यांत लिहिले आहे. मूळ रकमेवर, पहिली १० वर्षे सोडून, मृताच्या विम्याच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे २ टक्के वाढ मिळते, जास्तीत जास्त ५० टक्क्यांपर्यंत. ज्या बाईंची गोष्ट वर सांगितली, त्यांच्या नवऱ्याने तीस वर्षे गिरणीचा भोंगा ऐकून पाळी धरली. त्यांच्या भत्त्यात ती वर्षे एकेक करून मोजलेली आहेत. हा पैसा नाकारणे म्हणजे त्या माणसाची ती वर्षे नाकारणे होय.

आपल्या तोरात याला फार जुना दाखला आहे. सलाफहाद नावाचा मनुष्य रानात वारला. त्याला पुत्र नव्हता, पाच मुली होत्या: महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा. त्या पाचजणी सभामंडपाच्या दारापाशी गेल्या आणि मोशे रब्बेनू, एलाजार कोहेन, सरदार व सारी मंडळी यांच्यासमोर उभ्या राहून बापाचा वाटा मागितला. त्यांनी दया मागितली नाही. आमच्या बापाचे नाव त्याच्या कुळातून का नाहीसे व्हावे, असा त्यांचा प्रश्न होता. मोशेने तो प्रश्न परमेश्वरापुढे ठेवला आणि मुली रास्त बोलतात असा निर्णय आला. तो निर्णय त्या पाचजणींपुरता राहिला नाही. इस्राएलात तो कायदा झाला. मरणानंतर अधिकाऱ्यापुढे जाऊन आपला वाटा मागणे यात अमंगळ काही असते, तर तोराने ती पाच नावे इतक्या अगत्याने जपून ठेवली नसती. मुलींना बापाच्या नावाची काळजी होती म्हणूनच त्या मागावयास गेल्या, हे विशेष ध्यानात घेण्यासारखे आहे.

आता दुसरी गोष्ट, भिकेची. इस्राएलचा राष्ट्रीय विम्याचा कायदा क्नेसेतने १९५३ साली मंजूर केला. गोल्डा मेयर त्या वेळी मजूरमंत्री होत्या. १ एप्रिल १९५४ पासून तो अमलात आला. ते दिवस माआबारातल्या तंबूंचे आणि रेशनचे होते. देशाजवळ पैसा नव्हता. तरीही म्हातारे आणि मागे राहिलेले यांची सोय अगदी पहिल्या कायद्यातच केली गेली. या विचाराचे बरेचसे मूळ विलायतेतल्या १९४२ सालच्या बेव्हरिज अहवालात सापडते. हे बेव्हरिज साहेब जन्माने बंगालमधल्या रंगपूरचे. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा की, माणसाने कमावत्या दिवसांत आपला हप्ता भरावा आणि गरजेच्या दिवशी गरिबीचा पुरावा न देता, हक्क म्हणून रक्कम घ्यावी. गरिबीचा पुरावा मागितला की माणूस आतून मोडतो, हे त्यांनी जाणले होते.

पगाराची चिठ्ठी ज्यांनी जपून ठेवली असेल त्यांनी ती काढून पाहावी. दर महिन्याला बितुआख लेउमीची वजावट तेथे दिसेल. ती कापली जात असताना आपण कुरकुर केली असेल, पण ते सरकारवर आपण केलेले दान आहे असे कोणी म्हटले नाही. मग तेच परत येते तेव्हा ते सरकारने आपल्याला घातलेली भीक कशी होते? आणि ज्या बायका "मी कुठे कमावले?" असे म्हणतात त्यांनाही सांगावेसे वाटते. पहाटे उठून डबा तुम्ही भरला. आजारपण तुम्ही काढले. मुले तुम्ही सांभाळली. तो माणूस तीस वर्षे पाळीवर वेळेवर पोहोचला यात अर्धा वाटा तुमचा होता.

खरे म्हणजे आपल्या धर्मात हा प्रश्न केतुबातच सोडविलेला आहे. लग्नात केतुबा मोठ्याने वाचली जाते तेव्हा आपले लक्ष फोटोवाल्याकडे असते. परंतु केतुबा हा कर्जाचा कागद आहे. नवरा त्यात बायकोचा देणेकरी होतो. तो गेल्यावरही ते देणे बुडत नाही. नवऱ्याच्या मालमत्तेतून विधवेचे पोषण व्हावे, तिला त्याच्या घरात राहता यावे, ही त्यातली अट आहे, असे मिश्ना सांगते. येरुशलेमचे आणि गालीलचे लोक ही सोय ती विधवा म्हणून राहील तितके दिवस असा करार करीत, असेही तेथे नमूद आहे. म्हणजे विधवेचे पोषण हे दयेच्या सदरात आमच्या ऋषितुल्य पंडितांनी घातलेच नाही. ते देण्याच्या सदरात घातले. आजच्या नवऱ्याकडे शेत नाही, द्राक्षमळा नाही. त्याच्याकडे महिन्याचा पगार होता. त्या पगारातून कापलेला हप्ता हीच त्याची मालमत्ता. बितुआख लेउमीचा भत्ता घेणारी बाई नवऱ्याने दिलेला शब्दच वसूल करीत आहे, दुसरे काही नाही.

येथे कोणी शंका काढील की, ज्याने हप्ते भरले त्याच्यापुरते हे ठीक आहे. पण जे उतारवयात आलिया करून आले, ज्यांना येथे एक दिवसही नोकरी करता आली नाही, त्यांचे काय? सरकार अशांनाही म्हातारपणी आणि अडचणीत काही मदत देते. ती तरी भीक नव्हे काय? शंका रास्त आहे आणि तिला हप्त्यांचा हिशेब दाखवून उत्तर देता येणार नाही.

तिला उत्तर शेताच्या कोपऱ्यात आहे. पीक कापताना शेताचा कोपरा सोडावा, पडलेली कणसे उचलू नयेत, विसरलेली पेंढी परत आणावयास जाऊ नये, ती परक्याची, पोरक्याची आणि विधवेची आहे, अशी आज्ञा आहे. यात एक बारीक गोष्ट आहे. तो कोपरा शेतकऱ्याने आपल्या मर्जीतल्या गरिबाला वाटून द्यावयाचा नसतो. गरिबाने स्वतः यावे आणि घ्यावे. मालकाला "मी दिले" असे म्हणावयाचा अधिकारच ठेवलेला नाही, कारण तेवढा तुकडा त्याचा नव्हेच. रूथ अशीच बोआजच्या शेतात सरवा वेचावयास गेली. ती विधवा होती, परक्या देशातून आलेली होती, तिने त्या शेताला एक हप्ताही भरला नव्हता. तिच्याच वंशात पुढे दावीद राजा झाला. सरवा वेचला म्हणून तिला कोणी कमी लेखले नाही.

दुसरा दाखला बेथ हमिकदाशचा. तेथे एक खोली होती, तिला गुप्त दानाची खोली म्हणत. पापभीरू लोक तेथे गुपचूप पैसे ठेवून जात आणि चांगल्या घरचे पण गरिबी आलेले लोक तेथून गुपचूप घेऊन जात. देणाऱ्याला घेणारा माहीत नाही आणि घेणाऱ्याला देणारा माहीत नाही. त्या खोलीला मिश्नात शब्द आहे "लिश्का". आज आपण सरकारी कचेरीलाही लिश्काच म्हणतो. खिडकीपुढे नंबर घेऊन बसताना ज्यांना कमीपणा वाटतो त्यांनी हा शब्द आठवावा. बँकेत महिन्याला जमा होणाऱ्या पैशावर कोणा शेटजीचा चेहरा नसतो. त्याच्या उपकाराखाली राहावे लागत नाही. रांबामने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या, त्यांत देणारा-घेणारा एकमेकांस अनोळखी असणे ही फार वरची पायरी आहे. सर्वांत वरची पायरी म्हणजे माणूस पडण्यापूर्वीच त्याला सावरणे. मागे राहिलेल्यांचा भत्ता दुसरे काय करतो?

तरीही कोणी म्हणेल, "पण इतक्या लवकर?" शिवात अर्ज भरावयास बसावे असे आमचे म्हणणे नाही. ते सात दिवस शोकाचे आहेत आणि शोकालाच राहावेत. परंतु शोक आणि व्यवहार यांचे वैर आहे असे मानण्याचे कारण नाही. सारा वारली तेव्हा अब्राहाम अबीनू रडले, आणि मग मृताजवळून उठून हेथी लोकांशी जमिनीचे बोलणे करावयास गेले. एफ्रोन फुकट देऊ म्हणत होता. अब्राहामांनी ४०० शेकेल चांदी मोजून मकपेलाची गुहा घेतली. आमचे मानी बांधव हाच दाखला आमच्यावर उलटवितात. म्हणतात, बघा, अब्राहामांनी फुकट घेतले नाही. बरोबर आहे. त्यांनी किंमत मोजली. आपल्या माणसानेही मोजली, फक्त एकदम न मोजता महिन्या-महिन्याने मोजली.

अभिमानाविषयी आम्हांस अनादर नाही. कोकणात तेलाच्या घाण्यावर राबून, शनवार पाळून, परक्याचे मिंधे न होता आपले पूर्वज शतकानुशतके जगले ते अभिमानावरच. मिश्नाही सांगते की गरज असून जो घेत नाही, कष्ट सोसतो, तो एक दिवस दुसऱ्यांना पोसण्याइतका वर येतो. परंतु त्याच परंपरेत रांबामने दुसरी बाजूही तितक्याच कडकपणे मांडली आहे. म्हातारा, आजारी, ज्याचे घेतल्यावाचून चालणारच नाही असा मनुष्य केवळ ताठ्यापायी घेत नसेल, तर तो स्वतःच्या जिवाचा अपराधी आहे. या दोहोंमधली रेघ आम्ही अशी ओढतो. आपल्या वाट्याचे कष्ट आपण सोसावे, दुसऱ्याला सोसावयास लावू नये. आपला घास आपल्याला सोडता येतो. पोरक्या मुलाचा घास सोडण्याचा अधिकार आईलाही नाही. वरच्या गोष्टीतल्या बाईंचा मानीपणा आम्हांस मान्य आहे. परंतु त्याची किंमत पेट्या उचलून त्या मुलाने मोजली, आणि त्याला कोणी विचारले नव्हते.

हक्क मागणे आणि भीक मागणे यांतला फरक आपल्या समाजाला वेगळा सांगावयास नको. धर्मपीठाच्या १९६२ च्या आदेशाने बेने इस्राएलांच्या लग्नांत वंशाची चौकशी करावयाचे ठरले. १९६४ च्या उन्हाळ्यात आपले लोक येरुशलेमच्या रस्त्यावर बसले. त्यांत म्हातारे होते, तान्ही मुले कडेवर घेतलेल्या आया होत्या. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये क्नेसेतने बेने इस्राएल हे सर्वार्थाने यहुदी आहेत असे जाहीर केले. त्या लोकांनी "आमच्यावर मेहेरबानी करा" असे म्हटले नव्हते. जे आमचे आहे ते मान्य करा, असे म्हटले होते. रस्त्यावर बसणाऱ्यांची मान ताठ होती. मग त्यांच्याच लेकीसुना एका कागदावर सही करताना मान का खाली घालतात?

आता दुसरे टोक. हक्क म्हटला की त्याला खरेपणाची अट आली. ज्या पेटीतून आपल्याला मिळते त्याच पेटीतून यरुहामच्या विधवेलाही मिळते, आणि किर्यात गातच्या पोरक्या मुलालाही. खोटे सांगून त्या पेटीतून घेणारा सरकारला फसवितो असे त्याला वाटते. प्रत्यक्षात तो त्या विधवेच्या ताटातले उचलतो. घरात दुसरे उत्पन्न असताना उत्पन्न-पूर्तीची मदत घेण्यासाठी ते लपविणे, किंवा मृताच्या नावाने खात्यात चुकून आलेली रक्कम "आली तर आली" म्हणून वापरणे, याला आम्ही हुशारी म्हणत नाही. मढ्याच्या टाळूवरचे लोणी ही म्हण येथे खरी लागू पडते.

पुनर्विवाहाचा प्रश्न यापेक्षा नाजूक आहे. विधवेने पुन्हा लग्न केले की हा भत्ता थांबतो आणि त्याऐवजी अनुदान मिळते. म्हणून काही जोडपी एकत्र राहतात आणि कागदावर मात्र वेगळी राहतात. त्यांच्या एकटेपणाला आम्ही हसत नाही. उतारवयात सोबत मिळणे ही परमेश्वराची कृपा आहे. परंतु केतुबातली अट आठवावी: ती विधवा म्हणून राहील तितके दिवस. नवे घर उभे राहिले की जुन्या नवऱ्याचा शब्द पुरा झाला. नव्या माणसाचा हात धरावयाचा, आणि जुन्याच्या नावाने विधवा म्हणून सहीही करावयाची, यात दोघांचाही मान राहत नाही. कायदा कठोर वाटत असेल तर तो बदलावा म्हणून उघडपणे बोलावे. सलाफहादच्या मुलींनीही उघडपणेच विचारले होते.

शेवटी शेजाऱ्यांविषयी. एलिशा नबीकडे एक विधवा आली. सावकार तिच्या दोन मुलांना दास करून न्यावयास आला होता. घरात तेलाच्या एका बुधलीशिवाय काही नव्हते. नबीने तिला सांगितले की शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आण, थोडी आणू नकोस. तेल भांड्यांत भरत गेले आणि भांडी संपली तेव्हा थांबले. तेल्यांच्या वंशातल्या आपणांस ही गोष्ट विशेष कळावी. तेल परमेश्वराने दिले, पण भांडी शेजाऱ्यांची होती. जेवढी भांडी मिळाली तेवढेच तेल मिळाले.

आज आपल्या म्हाताऱ्या माणसांजवळ हक्क आहे, परंतु भांडे नाही. अर्ज हिब्रूत असतो. आजी मराठी वाचते. नातू हिब्रू वाचतो, पण त्याला आजीच्या लग्नाचा दाखला कोणत्या पेटीत आहे हे माहीत नाही. मधल्या पिढीला वेळ नाही. अशा वेळी भाताचे पातेले घेऊन जाणे जितके पुण्याचे, तितकेच शिवा संपल्यावर पंधरा दिवसांनी पुन्हा जाऊन, "आई, कागद कुठे आहेत ते दाखवा, आपण मिळून पाहू" असे म्हणणेही पुण्याचे आहे. दफनाला आपण हेसेद शेल एमेत म्हणतो, कारण मृत मनुष्य परतफेड करू शकत नाही. त्याच्या मागे राहिलेल्यांचा कागद पुरा करणे हे त्याच दयेचे पुढचे पाऊल आहे.

जाणाऱ्याने चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, अर्ज १२ महिन्यांच्या आत करावा. उशिराने मागची रक्कम बुडू शकते. दुसरी, ज्या बाईला स्वतःची म्हातारपणाची पेन्शन मिळते तिने आपल्याला आता काही मिळणार नाही असे समजू नये. तिची पेन्शन पूर्ण राहून हा भत्ता निम्मा मिळू शकतो. मृताला म्हातारपणाची पेन्शन मिळत असेल तर जोडीदाराला एकरकमी अनुदानही असते. तरुण विधवेच्या आणि विधुराच्या अटी वेगळ्या आहेत, त्या नीट विचारून घ्याव्यात. तिसरी, टक्केवारी घेऊन "तुमचे पैसे काढून देतो" म्हणणाऱ्यांपासून सावध राहावे. म्हाताऱ्या माणसांना फुकट सल्ला देणारी सेवा बितुआख लेउमीतच आहे आणि तेथे निवृत्त मंडळी स्वेच्छेने काम करतात. निर्णय पटला नाही तर कामगार न्यायालयात दाद मागता येते. चौथी आणि महत्त्वाची, बाईच्या देखत मुलांशी किंवा कारकुनाशी तिच्या डोक्यावरून बोलू नये. आपण काय लिहितो आहोत ते ओळ न ओळ तिला मराठीत सांगावे, आणि मगच सही घ्यावी. हक्क तिचा आहे, तो तिला समजलाच पाहिजे.

नवरे मंडळींनाही एक विनंती आहे. आपल्या पश्चात बायकोला लाज वाटू नये असे वाटत असेल, तर ते आपणच जिवंतपणी तिला सांगून ठेवावे. एखाद्या शब्बाथच्या संध्याकाळी, हब्दाला झाल्यावर, कागद कोठे आहेत ते तिला दाखवावेत आणि म्हणावे की हे मी तुझ्यासाठी भरीत आलो आहे, मी गेल्यावर मागायला संकोच करू नकोस. एवढे एक वाक्य नवऱ्याच्या तोंडून ऐकलेले असेल तर तिला कोणा मास्तरने समजावण्याची गरज पडणार नाही.